कोपर नसलेला फोटो

मी अठरा-पंचावन्न बोलतेय. हा माझ्या खोलीचा नंबर नाही, नावच आहे. कॅमेरा विकत घेतला की त्याच खोक्यात एक लेन्स आपसूक येते, ती मी. लोक मला किट लेन्स म्हणतात. अठरावर फिरवलं की सगळी वरात दिसते आणि पंचावन्नवर फिरवलं की नवरीची नथ दिसते. याच्या पुढे-मागे मला काही येत नाही, आणि येतं असं मी कधी म्हटलेलंही नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या हजारेक जन्मल्या असतील, त्यामुळे कुणी पेढे वाटले नाहीत. मग मला एका कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलं, खोक्यात घातलं आणि आम्ही दोघं भांडुपला आलो. टेकडीच्या उतारावरची इमारत, पाचवा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर.

आणणारा सुयोग. अंधेरीच्या एका ऑफिसात तो लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी बारशी, साखरपुडे, सत्यनारायण यांचे फोटो काढतो. घरात त्याचे वडील दत्ताराम, बोलणं अजून गावाकडचं मालवणी. गिरणी होती तोवर गिरणीत, ती बंद पडल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत लिफ्टमन. आई जानकी. पुढे सून आली, विनिता. ती वर्सोव्याची कोळ्यांची मुलगी, मनात येईल ते आधी बोलते आणि मग चपला काढते.

पहिल्याच दसऱ्याला माझ्यावर प्रसंग ओढवला. त्या दिवशी या घरात सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, हातोडी, शिवणयंत्र, गॅसची शेगडी, आणि आता कॅमेरा. जानकीने माझ्यावर झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या, आणि ओल्या कुंकवात बोट बुडवून थेट माझ्या काचेवर टिळा लावला. तिचं तरी काय चुकलं? समोरून बघितलं तर माझं कपाळ तेच.

सुयोग ओरडला, "आई! काचेला नाही लावायचं गं! वाट लावलीस!" मग त्याने शर्टाच्या टोकाने मला पुसलं, ते कुंकवापेक्षा वाईट होतं. कुंकू काचेच्या कडेच्या फटीत गेलं ते आजतागायत तिथेच आहे. डावीकडून उजेड आला की फोटोच्या एका बाजूला हलकी तांबूस छटा येते. अक्षतेचा एक दाणाही कुठेतरी आत गेला असावा, कारण फिरवताना मी तेव्हापासून जर्र करते.

त्या दिवसानंतर जो फोटो बिघडेल तो माझ्यामुळे. सुयोगचा हात हलला तरी माझ्यामुळे, बारशातलं मूल रडलं तरी माझ्यामुळे.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात शिरलं की आता मोठं काहीतरी घ्यायचं. पण काय? त्याचा मित्र मिहिर लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडे फुल-फ्रेम कॅमेरा आहे. म्हणजे उजेड झेलणारी पाटी आमच्या कॅमेऱ्यातल्यापेक्षा मोठी. मिहिर म्हणायचा, "यार, बॉडी बदल. अंधाऱ्या हॉलमध्ये पण झकास येतं. लेन्सचं काय, नंतर बघू."

विनिताचं म्हणणं उलट. "बॉडी घेऊन काय करशील? पुढे हीच जर्र करणारी लावणार ना? चांगली लेन्स घे. म्हातारीला मोतीबिंदू झाला तर डोळ्याचं ऑपरेशन करतात, म्हातारी नाही बदलत."

मी आणि कॅमेरा पिशवीतून हे सगळं ऐकत असू. विनिताला ठाऊक नव्हतं, पण त्या मोठ्या पाटीला मी पुरत नाही, म्हणून फुल-फ्रेम घेतला तर आज ना उद्या आम्ही दोघंही जाणार. लेन्स घेतली तर मी एकटीच जाणार. म्हणजे माझं काय व्हायचं ते ठरलेलंच होतं, वाद फक्त कॅमेऱ्याचा चालला होता. हे त्याच्या लक्षात आलं त्या दिवसापासून तो विनिताच्या बाजूचा झाला आणि माझ्याशी जरा तुटक वागायला लागला.

सुयोगने तीन वर्षं अभ्यास केला. दहावीला एवढा केला असता तर कॉम्प्युटर दुरुस्त करावे लागले नसते, असं विनिता म्हणते. जेवताना मोबाइलवर कुणीतरी परदेशी माणूस दोन लेन्सांनी एकाच मांजराचे फोटो काढून दाखवायचा आणि सुयोग भाकरीचा तुकडा हातात धरून बघत राहायचा. हळूहळू त्याने फोटो काढणंच सोडलं. कुणी बोलावलं तर म्हणायचा, नवीन घेतल्यावर बघू. माणसं पण विचित्र असतात. विहीर खणायची की नळ घ्यायचा हे ठरेपर्यंत पाणी पीत नाहीत.

या तीन वर्षांत एकच माणूस त्याच्याकडे फोटो मागत होता. दत्ताराम.

त्याला फोटो कशाला हवा, हे समजायला भिंतीकडे बघावं लागेल. तिथे दत्तारामच्या वडिलांचा, भिकाजींचा फोटो आहे. ते वारले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं. कापताना त्यांच्या खांद्यावर टेकलेला शेजारच्या माणसाचा कोपर तसाच राहिला. पांढऱ्या बाहीतला, चांगला जाडजूड कोपर. दरवर्षी पितृपक्षात भिकाजींना हार घालतात तो निम्मा त्या कोपरावर येतो.

"पन्नास वर्षां झाली, आम्ही त्या कोपराच्या पाया पडतों," दत्ताराम सांगायचा. "कोणाचो ता पण म्हायत नाय. माझो एक चांगलोसो फोटो काढून ठेव रे. मागसून शोधाशोध नको."

"काढूया ना बाबा. नवीन येऊ दे."

असं तीन वर्षं चाललं. मग यंदा दत्तारामच्या गालाच्या आत जखम झाली आणि ती बरी होईना. चाळीस वर्षं तंबाखू-चुन्याची गोळी तो त्याच जागी ठेवत आला होता. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या जबड्याचं हाड काढावं लागेल, पुढच्या बुधवारी दाखल व्हा. आणि चेहरा बदलेल, त्याची तयारी ठेवा.

घरी येऊन दत्तारामने चहा घेतला. सवयीने बशीत ओतला, फुंकर मारली, आणि गाल दुखला म्हणून थोडा वेळ तसाच धरून बसला. मग सुयोगला म्हणाला, "बुधवारच्या आदी काढ. मगे ह्या थोबाड परत गावाचा नाय."

सुयोगने त्याच संध्याकाळी फुल-फ्रेम कॅमेरा मागवला. शनिवारी येणार होता. त्याने वडिलांना सांगून ठेवलं की चार वाजता खिडकीतून चांगला उजेड येतो, तेव्हा काढू.

शनिवारी दत्ताराम तीनलाच अंघोळ करून बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, खिडकीजवळ प्लास्टिकची खुर्ची. चार वाजले, पाच वाजले, खिडकीतला उजेड समोरच्या इमारतीवर गेला.

"इलो काय तो?"

"उद्या येईल बाबा. कुरिअरवाल्यांचं काही खरं नाही."

रविवारी पुन्हा अंघोळ, तोच शर्ट, तीच खुर्ची. सोमवारीही तेच. शर्टाची घडी मोडू नये म्हणून तो पाठ न टेकता बसायचा. दुखत होतं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मी समोरच्या टेबलावरच्या पिशवीत होते, चेन उघडी होती, मला दिसत होतं. मनात यायचं, अरे, मी काय मेलेय का? पण मला विचारणार कोण?

मंगळवार उजाडला. दुसऱ्या दिवशी दाखल व्हायचं होतं. दुपारी विनिता कामावरून लवकर आली तर सासरा चौथ्यांदा तोच शर्ट घालून बसलेला. मग तिच्याने राहवलं नाही.

"बाबा, कुरिअरवाल्याला शिव्या घालू नका. त्याचा काही दोष नाही. हाच ऑर्डर रद्द करतोय. आधी कॅमेरा रद्द केला, लेन्स मागवली. परवा लेन्स रद्द केली, परत कॅमेरा मागवला. काल तो पण रद्द केला. मी मोबाइल बघितलाय."

सुयोग भिंतीकडे बघत उभा राहिला. जानकीने शेगडी बंद केली.

"कित्याक रे?" दत्तारामने विचारलं. आवाजात राग नव्हता.

सुयोग वडिलांकडे वळला. मग म्हणाला, "एकच फोटो आहे ना बाबा. तो चुकला तर परत नाही काढता येणार." मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. "आणि तो कशासाठी काढायचाय ते माहितीये मला. मी बटण दाबलं की म्हणजे... म्हणजे तुम्ही भिंतीवर गेलात. मला नाही काढायचा तो फोटो."

तीन वर्षं मी स्वतःला दोष देत होते. काचेत कुंकू आहे, आत दाणा आहे, आपण फुकटात आलेल्या. आणि याला मुळात भीती वाटत होती! मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

दत्ताराम म्हणाला, "अरे मेल्या, फोटो भिंतीर जातलो. मी खंय जातंय? मी हंयच आसंय." मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "चार वाजले."

जानकी उठली, पिशवीत हात घातला आणि आम्हा दोघांना बाहेर काढून सुयोगच्या हातात दिलं. "ह्येका दिसना नाय काय?" ती म्हणाली. "दसऱ्याक पूजा केलेली हा मी ह्येची."

सुयोगने कॅमेरा डोळ्याला लावला. मी जर्र करत पंचावन्नवर गेले. कितीतरी दिवसांनी कुणाचा तरी चेहरा एवढ्या जवळून बघत होते. दत्ताराम रेशनकार्डाच्या फोटोला बसल्यासारखा ताठ बसला होता, श्वाससुद्धा धरून. डावा गाल सुजलेला. सुयोगने दहा-बारा फोटो काढले. सगळे रेशनकार्डाचे.

एका बाजूने अंधार पडतोय म्हणून विनिताने पांढरी चादर आणली आणि उजेड चेहऱ्यावर उडावा म्हणून ती धरून सासऱ्याच्या शेजारी उभी राहिली. चादर मोठी, खोली लहान. ती सरकत सरकत आत आली.

"विनिता," सुयोग ओरडला, "कोपर! तुझा कोपर येतोय!"

दत्तारामने वर भिंतीवरच्या बापाकडे बघितलं, मग सुनेच्या कोपराकडे बघितलं, आणि हसला. तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी हसला. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, इस्त्री मोडली. मी एवढंच केलं की जिथे होते तिथे राहिले. सुयोगने बटण दाबलं.

फोटो बघायला सगळे जमले. दत्ताराम हसतोय. उजव्या कोपऱ्यात कोपर आला आहे. आणि सूज होती त्या गालावर माझ्यातल्या कुंकवाची तांबूस छटा नेमकी पडली आहे, सूज ओळखूच येत नाही. हे मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडेल. पण उजेड डावीकडून आला होता, इतकंच.

"कोपर कापून टाकतो," सुयोग म्हणाला.

"ऱ्हवांदे," दत्ताराम म्हणाला. "ह्यो कोणाचो ता म्हायत तरी हा."

ऑपरेशन नऊ तास चाललं. तीन आठवड्यांनी दत्ताराम घरी आला तेव्हा चेहऱ्याची एक बाजू आत बसलेली होती आणि तोंड तिरकं झालं होतं. बोलणं हळूहळू आलं. चहा अजून तो चमच्याने घेतो आणि चमच्याला शिव्या देतो. डॉक्टर म्हणतात, दर तीन महिन्यांनी दाखवा.

सुयोगने शेवटी लेन्स घेतली. एका बैठकीत ठरवली, मांजराचा एकही व्हिडिओ न बघता. मिहिर अजून म्हणतो चुकलं. नव्या लेन्सबद्दल मला काही बोलायचं नाही. जाड आहे, पुढे-मागे फिरत नाही, पण चांगली असावी. दत्तारामचा नवा चेहरा तिने काढला, त्यानेच सांगितलं काढायला. कॅमेरा तिच्याबरोबर सुखात आहे. माझी चौकशी करत नाही.

मी आता कपाटात असते, वरच्या फळीवर. माझ्या शेजारी तो फोटो आहे, चौकटीत बसवून आणलेला, जानकीच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. सुयोगला तो भिंतीवर लावायचा होता. जानकीने लावू दिला नाही. "जित्या माणसाचो फोटो त्येंच्या शेजारी लावतत?" भिकाजींच्या फोटोकडे बघत म्हणाली.

कधी दुपारी घरात कुणी नसलं की दत्ताराम कपाट उघडतो. साडी बाजूला करतो, फोटो बघतो, आपल्या गालावरून हात फिरवतो. परत नीट गुंडाळून ठेवतो. मग मला उचलून एकदा फिरवतो. मी जर्र करते. त्याला ते आवडत असावं.

यंदाच्या दसऱ्याला जानकीने कपाटातून फक्त मला पुढे ओढलं आणि ओलं कुंकू लावलं, पुन्हा काचेवरच. सुयोग शेजारी उभा होता. त्याने ते पुसलं नाही. तिचं बोट सवयीने शेजारच्या चौकटीकडे गेलं आणि मध्येच थांबलं. तिने ते पदराला पुसून टाकलं.

आयुष्यभर मी एकच मागत आले, की मला बाहेर काढा, वापरा, मला अजून दिसतं. आता माझं मागणं उलटं आहे. इथे अंधार आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, आणि मला काही घाई नाही. शेजारच्यालाही नाही. बाबांनो, आम्हाला दोघांना इतक्यात बाहेर काढू नका.