सॉकेटचं दुसरं तोंड

साखरेच्या डब्यात ताईला 'ऑफ' सापडला.

तिने तो चिमटीत धरला, साखर झटकली आणि टेबलावर माझ्या बशीशेजारी ठेवला. दोन पाइप जोडायचा अर्ध्या इंचाचा पितळी सॉकेट, आणि त्यावर लाल रंगात, बारीक ब्रशने काढलेला इंग्रजी 'ऑफ'.

"काल उशीखाली 'इन' होता," ती म्हणाली. "परवा बादलीत 'टू'. हा माणूस इंग्रजी शिकतोय की माझ्या संसाराचं भंगार करतोय, ते तूच विचार तुझ्या भाऊजींना."

"तू विचार. नवरा तुझा आहे."

"मी विचारलं की 'रीझन फॉर' म्हणतात आणि गप्प बसतात."

आमचे भाऊजी पंप दुरुस्त करतात. उंच इमारतींच्या तळघरात पाणी वर चढवणारे पंप असतात ना, ते. सगळे त्यांना वॉशर म्हणतात, कारण कुठलीही गळती समोर आली की त्यांचं निदान ठरलेलं: "वॉशर गेलाय." शेजारच्या जोडप्याचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू आलं तेव्हाही ते हेच पुटपुटले होते. त्यांनी बंद पंपावर कान ठेवला की पंप आपणहून सगळं कबूल करतो, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मुख्यतः मी. माझ्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याशी वस्तरा असतो, त्यामुळे माझ्या गोष्टींवर सहसा कोणी शंका घेत नाही.

पण पंपांना बोलतं करणारा हा माणूस स्वतः मात्र मोजकंच बोलायचा. त्यांची एकुलती एक लेक लग्न करून दूर परदेशी गेली. जावई वेगळ्या भाषेचा, त्यामुळे त्यांच्या पिटुकलीला इंग्रजीखेरीज काही येत नाही. रविवारी फोनच्या पडद्यावर ती दिसायची. ताई "ईट? गुड? स्लीप?" एवढ्या भांडवलावर तासभर मैफल जमवायची. भाऊजी एकदा हात हलवायचे, "टाकी भरायची राहिलीय" म्हणायचे आणि उठायचे.

एका रविवारी पिटुकलीने पलीकडून काहीतरी विचारलं. लेक हसली. "बाबा, ती विचारतेय, आजोबा माझ्यावर रागावलेत का?"

आम्ही सगळे हसलो. भाऊजी हसले नाहीत, आणि त्या दिवशी टाकीकडेही गेले नाहीत. 

दुसऱ्याच दिवशी त्यांनी संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. लेक आणि नात येणार होत्या, आणि यावेळी मध्ये कोणी न घेता नातीशी बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ताईला त्यांनी तेवढंच सांगितलं. ताईने मला सांगितलं. पुढे सलूनमध्ये कोणाकोणाला कळलं, ते माझ्या लक्षात नाही.

वर्गातल्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "इंग्रजीतलं नाम एकटं पाठ करू नका. त्याच्यानंतर कुठला छोटा शब्द लागतो, तो त्याच्यासकट उचला. भीतीला 'ऑफ' लागतो, आवडीला 'इन', कारणाला 'फॉर', उत्तराला 'टू'. का, ते विचारू नका. बसतो तो बसतो."

बाकीची मंडळी लिहून घेत होती. भाऊजींचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे साइझ," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पाइपचे बोटभर तुकडे कापले, त्यांना आटे पाडले आणि प्रत्येकावर एकेक नाम रंगवलं. 'ऑफ' लागणारी सगळी नामं अर्ध्या इंचात. 'फॉर'वाली पाऊण इंचात. 'इन'वाली एक इंचात, 'टू'वाली सव्वा इंचात. आणि त्या त्या मापाचे सॉकेट. 'फिअर'चा पाइप 'ऑफ'च्या सॉकेटातच बसणार, 'इन'मध्ये घातला तर खडखड वाजणार. झोपून, चालताना, दाढी करून घेताना, ते डोळे मिटून पाइप फिरवत बसायचे.

मला त्यांनी परीक्षक नेमलं. माझं इंग्रजी सलूनच्या पाटीपुरतं.

"भाऊजी, 'आन्सर'ला 'फॉर' लावून दाखवा बघू."

"बसणार नाही."

"जरा जोर लावा."

"जोर लावून आटे खराब होतात, पाहुणे. तुमची कात्री आहे का ही?"

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. सॉकेटला दोन तोंडं असतात. एका तोंडात नामाचा पाइप गेला, पण दुसरं तोंड त्यांनी प्रत्येक वेळी बूच घालून घट्ट बंद केलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "उघड्या तोंडात कचरा जातो. चांगला मेस्त्री उघडं तोंड ठेवून घरी जात नाही." त्यांनी स्वतःच्या तोंडालाही हाच नियम लावला होता, पण ते बोलून दाखवण्याइतका मी धीट नाही. फुकट पंप दुरुस्त करून देणारे भाऊजी रोज मिळत नाहीत.

मग त्या दोघी आल्या. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. पिटुकली आईच्या पायाला चिकटून त्यांच्याकडे बघत होती. भाऊजींनी घसा साफ केला.

"इंटरेस्ट इन," ते म्हणाले. आणि थांबले.

पिटुकलीने आईकडे पाहिलं.

"डिमांड फॉर." पुन्हा पूर्णविराम.

"बाबा, तिला काय सांगायचंय तुम्हाला?" लेक म्हणाली. "मी सांगते ना तिला."

"नको. मी बोलतोय."

पण पुढे काही आलं नाही. सगळे सांधे घट्ट होते, थेंबभर गळती नव्हती, आणि पाणी कुठेच जात नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "टाकी बघून येतो." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी चहात बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी मागच्या पायरीवर बसून ते पाइप पुसत होते. एकेक पुसून खोक्यात टाकत होते, कायमचे ठेवून द्यावेत तसे. मी शेजारी बसलो होतो. लाल-निळी अक्षरं बघून पिटुकली हळूच आली आणि दोन पायऱ्या सोडून उभी राहिली. भाऊजींच्या हातात होता तोच तुकडा त्यांनी पुढे धरला.

"फिअर ऑफ."

"ऑफ व्हॉट?" पिटुकलीने विचारलं.

भाऊजी माझ्याकडे वळले. "व्हॉट म्हणजे काय ते कळतं मला. पण पुढे काय लावायचं, ते बाईंनी दिलंच नव्हतं."

पिटुकलीने तुकडा घेतला, उलटसुलट केला, बूच पिरगाळलं. हलेना. तिने सरळ भाऊजींच्या पेटीत हात घातला आणि पाना उचलला. त्या पेटीला हात लावला म्हणून भाऊजी एकदा माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते, अर्थात ते त्यांच्या बाबतीत ओळखणं कठीण. पण त्यांनी पाना तिच्या हातात नीट धरायला दिला आणि वरून आपला हात ठेवला. बूच निघालं.

तिने सॉकेट डोळ्याला लावून आरपार आजोबांकडे पाहिलं. मग उघड्या तोंडात आपलं बोट घातलं.

"फिअर ऑफ डॉग्ज," ती म्हणाली. आणि तुकडा त्यांच्यापुढे धरला. "यू. फिअर ऑफ?"

भाऊजींचं बोट जाडजूड, नखापर्यंतच गेलं. 

"फोन," ते म्हणाले. "फिअर ऑफ फोन."

पिटुकली खुदकन हसली. फोन डझन्ट बाइट, असं काहीतरी म्हणाली. दारात लेक उभी होती, ती सांगायला पुढे झाली.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "बाइट कळलं मला."

लेक पायरीवर बसली. हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली. "बाबा, मला वाटायचं तुम्हाला माझं लग्नच पटलं नाही. म्हणून फोन आला की उठता. टाकी भरायला."

"टाकी भरलेलीच असायची," आतून ताईचा आवाज आला.

"पटलं होतं गं," भाऊजी म्हणाले. "बोलायला येत नव्हतं, एवढंच."

त्यानंतर घरात जे झालं ते आवरणं कोणाच्या हातात नव्हतं. आजोबा-नातीने मिळून सगळी बुचं काढली. ती साखरेच्या डब्यात सापडली, आणि ताई काही बोलली नाही. भाऊजी पाइप आणि सॉकेट जोडून पुढे करायचे, उरलेल्या तोंडात काय घालायचं ते पिटुकली ठरवायची. मग उलट. "इंटरेस्ट इन?" "मून." "डिमांड फॉर?" "मोअर शुगर." मलाही एकदा 'होप ऑफ' मिळाला, मी माझ्या टकलावर हात ठेवला.

एका सकाळी भाऊजी तिला कामावर घेऊन गेले. मी सलून बंद ठेवून मागोमाग गेलो. अशी वेळ चुकवणारा मी नव्हे. तळघरात पंप भयंकर धडधडत होता. पिटुकलीने कानांवर हात ठेवले आणि ओरडली, "रीझन फॉर नॉइज?"

"एअर," भाऊजी म्हणाले. त्यांनी तिचा हात धरून वरची छोटी चावी फिरवली. अडकलेली हवा फुसफुसत बाहेर पडली, मग पाणी उडालं आणि पंप शहाण्यासारखा गुणगुणायला लागला.

पहारेकरी बघत होता. "वॉशरशेठ, ही कोण?"

"नात," भाऊजी ताठ उभे राहून म्हणाले. "बोलतो आम्ही."

मी अभिमानाने मिशीला पीळ दिला. मला मिशी नाही, पण त्या दिवशी पीळ बसला.

त्या गेल्या. जाताना पिटुकलीने 'फिअर ऑफ' बॅगेत टाकला. विमानतळावर तपासणाऱ्यांनी त्या पितळेच्या तुकड्यावरून अख्खं विमान थांबवून ठेवलं आणि शेवटी पिटुकलीनेच त्यांचा वर्ग घेतला, असं मी सलूनमध्ये सांगतो. लेक म्हणते, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. खोकं पुन्हा फळीवर, सगळे तुकडे ओळीने, सगळ्यांना परत बुचं. सवय ती सवय. फक्त 'आन्सर टू'चं तोंड उघडं होतं.

"भाऊजी, याचं बूच राहिलं."

"राहिलं नाही," ते म्हणाले. "त्याला पुढचं तिकडून येतं."

फोन वाजला. ताई ओला हात पुसत उठायला लागली. भाऊजींनी तिला खुणेने बसवलं. त्यांनी तो सॉकेट उचलला, पाइप जोडण्याआधी मारतात तशी एक फुंकर मारून आतली धूळ काढली, आणि फोन घेतला.