पिठाचं पांघरूण

आमच्या घरात पांघरूण आधी पिठाला मिळायचं, मग पोरांना. पोरांना म्हणजे मला. मी एकटीच होते, पण माझे वडील, अण्णा, बोलायचे असं की घरात पलटण आहे. खाली बेकरी, वर घर. संध्याकाळी शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं की अण्णा उद्याच्या पावाचं पीठ मळायला घेत. कालच्या पिठाचा राखून ठेवलेला गोळा त्यात मिसळत, सगळं लाकडी पेटीत ठेवत आणि वर जाडजूड निळं ब्लँकेट घालत, चारी बाजूंनी खोचून. "पिठाला गारठा बाधतो," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की पीठ शिंकतंय का ते ऐकायला मी पेटीला कान लावून बसे.

काय थंडी असायची तेव्हा! खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता यायचं. तेल बाटलीत थिजून बसायचं. उजाडता उजाडता मी खाली पळायचे आणि दोन्ही हात त्या ब्लँकेटखाली घालायचे. पीठ मऊ, कोमट, हळूच वर आलेलं असायचं. अण्णा रागवायचे, पण हात काही बाहेर काढायला लावायचे नाहीत. तेवढी ऊब मला पुन्हा कुठेच मिळाली नाही, लग्नातसुद्धा.

भट्टी कोळशाची होती आणि छपरावर तिची चिमणी. "आमच्याकडे दोन चिमण्या," अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे. "एक धूर सोडते, दुसरी प्रश्न." दुसरी मी. माझा आकार आता चिमणीचा राहिलेला नाही, पण अण्णांना हे सांगणार कोण? शाळेतून येताना कोपऱ्यावरून तो धूर दिसला की बरं वाटायचं. घरी कोणीतरी आहे, एवढं त्यातून कळायचं. आजही मला त्या धुराचा राग येत नाही. यायला हवा, हे समजतं.

पुढे भट्टी विजेची झाली. कोळसा अजून जळतोच, फक्त लांब कुठेतरी, आपल्या डोळ्यांआड. थंडी मात्र गेली. एकदम नाही गेली. आवडता पाहुणा दरवर्षी जरा उशिरा यावा, जरा लवकर उठावा आणि एक दिवस आपल्या लक्षात यावं की यंदा तो आलाच नाही, तशी गेली. स्वेटर ट्रंकेत गेले. अण्णांचं ब्लँकेट तेवढं पेटीवर राहिलं.

आणि पाव बिघडायला लागला. सकाळी पेटी उघडावी तर पीठ फुगून, उतू जाऊन परत खाली बसलेलं. पाव आंबट, फिका, मधेच दबलेला. "अण्णा, ह्याला इस्त्री केलीत का?" शिंप्याने विचारलं. अण्णा हसले. त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत.

गल्ल्यावर आत्या बसते, अण्णांची थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड नाही. "हातगुण गेला तुझा," ती म्हणाली. "वय झालं, मान्य कर."

हे बोलायला नको होतं. अण्णांचा हातगुण म्हणजे गल्लीत मोठी गोष्ट होती. हाच शिंपी नव्या कापडाला पहिली कात्री अण्णांच्या हातून लावून घ्यायचा. अण्णा आता तळहात समोर धरून बसायला लागले.

"रविवारी शेवटचं मळतो," एके दिवशी ते म्हणाले. "मग पेटी विकून टाक. बाहेरून पाव आणून विक."

"अण्णा, हात नाही हो, हवा बदललीय! एवढ्या उकाड्यात तुम्ही वर ब्लँकेट घालताय!"

"माझे वडीलही घालायचे."

"त्यांच्या वेळी गारठा होता."

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते शांतपणे म्हणाले. "ते मला बोलायला लावू नकोस, चिमणे."

मला राग आला. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं, आणि चांगला नाचणारा बिचारा आपले पाय तपासत बसतो.

रविवारी त्यांनी पीठ मळलं, नेहमीसारखं ब्लँकेट खोचलं आणि मागे न बघता वर गेले. मी त्याच पिठातला एक मोठा गोळा तोडला, डब्यात घातला आणि दुकानातल्या लोण्याच्या फ्रिजमध्ये ठेवून दिला.

सकाळी पेटीतलं पीठ नेहमीप्रमाणे बसलं होतं. मी दोन्ही पाव भाजले. अण्णांनी पेटीतल्या पिठाचा पाव चाखला आणि मान हलवून बाजूला ठेवला. मग मी दुसरा दिला. त्यांनी तुकडा मोडला, हुंगला, तोंडात घातला. किती वेळ चावत राहिले!

"हा कोणाचा, ओळखा."

"माझ्या बापाचा," ते म्हणाले. डोळे भरून आले होते.

"तुमचा आहे, अण्णा. कालच्याच पिठाचा. तुमच्याच हातचा."

"मग हा असा कसा?"

मी फ्रिज उघडून दाखवला. त्यांनी आत हात घातला आणि तसाच धरून ठेवला. "अशी असायची सकाळ," ते म्हणाले. मग हात काढून त्यांनी फ्रिजच्या मागे नेला. "इकडून तर गरम फेकतोय."

"आतली ऊब काढून तो बाहेर टाकतो."

"म्हणजे थंडी कपाटात ठेवायची, आणि त्यासाठी बाहेर अजून तापवायचं?" ते म्हणाले. "पण मुळात बाहेर तापलंच कशाने?"

"धुराने. साऱ्या जगाच्या भट्ट्या, गाड्या, कारखाने. वर पांघरूण झालंय त्याचं, चारी बाजूंनी खोचलेलं. आणि आत आपण."

"आपल्या चिमणीचाही धूर?"

खोटं बोलावंसं वाटलं. "थोडा आपलाही," मी म्हटलं.

"मी म्हणतच होते, याचा हात चांगलाय," गल्ल्यावरून आत्या म्हणाली. निर्लज्जपणा शिकावा तर तिच्याकडून. पण कोणी हसलं नाही.

मला वाटलं होतं, अण्णांना आनंद होईल. ते आपल्या हातांकडे बघत होते. "हात गेला असता तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "माझ्या एकट्याचा गेला असता."

पेटी विकली नाही. संध्याकाळी शिंप्याचं मशीन थांबलं, तसे अण्णा उठले. बर्फाचं पाणी घालून त्यांनी पीठ मळलं, मी गोळे तोडून डब्यांत भरत गेले. रिकाम्या पेटीशी येऊन त्यांनी सवयीने ब्लँकेट उचललं आणि तसेच उभे राहिले. मग सावकाश घडी घातली, माझ्या हातात दिली.

"नीट ठेव. पुन्हा लागलं तर सापडलं पाहिजे."

मी ते ट्रंकेत टाकलं नाही. पेटीशेजारीच, अण्णांच्या हाताशी ठेवलंय.