राजाचा पुकारा

“कॅथरीन! इंग्लंडची राणी कॅथरीन! हाजिर हो!”

झुंबरने पोटातून आवाज काढला आणि दाराकडे निघालेली राणी जागच्या जागी थांबली. घेरदार झगा दोन्ही हातांनी सावरत तिने मागे वळून पाहिलं.

“काय आबा?” राणी म्हणाली.

खोलीत एकच हशा पिकला. इंग्लंडचा राजा पोटाला बांधलेली उशी धरून हसला. लाल झग्यातला कार्डिनल तर खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. सोनवणे सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अहो लताबाई, राणी वळत नाही! तीन वेळा पुकारतात, तरी वळत नाही. सगळं नाटक त्याच्यावर तर उभं आहे!”

“आबांनी हाक मारली ना सर. पाय आपोआपच थांबले.”

खरं तर झुंबरची ही लेक, लता, नाटकात नव्हतीच. ती नाटकाचे कपडे शिवणारी. राणीचं काम होतं कोर्टातल्या टायपिस्टबाईंकडे, आणि त्यांना नेमका त्या दिवशी ताप भरला. झग्याचा घेर जमिनीवर किती लोळतो ते पाहायचं म्हणून सरांनी लतालाच तो अंगावर चढवायला लावला, आणि चढवलाच आहे तर जरा चालूनही दाखवा म्हणाले. झगा दोन जुन्या बनारसी साड्यांचा होता. पण लताच्या हाताला अशी सफाई की पाच पावलांवरून पाहणाऱ्याला तो थेट लंडनहून आलाय असंच वाटावं.

एकोणऐंशी साल होतं. नाशिकच्या कोर्टातल्या कारकून-शिपायांनी नाट्यस्पर्धेसाठी इंग्लंडच्या राजाचं नाटक बसवायला घेतलं होतं. लिहिलेलं सोनवणे सरांनी. सर शाळेत इतिहास शिकवायचे. “शिवाजी-संभाजी सगळेच करतात, आपण हेन्री करू,” असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा निम्म्या मंडळींना हा हेन्री कोण हेही ठाऊक नव्हतं. पण त्यात कोर्टाचा सीन आहे म्हटल्यावर सगळे तयार झाले. कोर्ट काय, रोजचंच! आणि त्या कोर्टात पुकारा करायला झुंबर केदारेखेरीज दुसरा कोण सापडणार?

झुंबर कोर्टातला पट्टेवाला. केस पांढरे होईस्तोवर त्याने एकच काम केलं होतं. न्यायाधीश मान हलवत, मग हा व्हरांड्यात येई, खांद्यावरचा पट्टा नीट करी आणि पक्षकाराचं नाव पुकारी. आवाज असा की स्टँडवर चहा पिणारा माणूस कप तिथेच ठेवून धावत सुटे. जमीनदार धावत, डॉक्टर धावत, एरवी मिशीला पीळ देणारे फौजदारसुद्धा टोपी काखेत मारून पळत येत. त्याच्या हाकेला कुणी आलं नाही असं क्वचितच घडे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही नाही आलं, तर झुंबर आत जाऊन दोनच शब्द बोले, “गैरहजर, साहेब.”

पहिल्या वाचनाला मात्र झुंबर हबकूनच गेला होता. राजाला राणी सोडायची आहे. का, तर वीस वर्षांच्या संसारात मुलगे जगले नाहीत, एकच मुलगी राहिली. राणीच्याच तैनातीतली एक तरणी बाई राजाच्या मनात भरली आहे. कार्डिनल, म्हणजे तिथला बडा धर्मगुरू, राजाच्या कानाला लागलेला, आणि दरबारात जो तो दुसऱ्याचा काटा काढायला टपलेला. एवढं झुंबरला कळलं, त्यात नवल काहीच नव्हतं. नवल पुढेच होतं. कोर्ट भरतं आणि सगळ्यांत आधी पुकारा होतो तो राजाचा.

“राजाला पुकारा?” झुंबरने मध्येच विचारलं. “सर, हे खरं का तुमच्या मनचं?”

“अगदी खरं. तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय. ‘इंग्लंडचा राजा हेन्री, हाजिर हो.’ आणि राजा म्हणाला, ‘हजर आहे.’”

“ज्याला वाटंल त्याची मुंडी उडवनारा राजा, तो हजर म्हनला?”

“म्हणाला.”

“आन् पुकारला कुनी? नाव काय त्या मानसाचं?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “ते काही लिहिलेलं नाही, केदारे.”

“बराबर हाय. आमचं नाव कोन लिहितंय!” झुंबर म्हणाला. पण त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. सातासमुद्रापार, शेकडो वर्षांपूर्वी, आपल्यासारखाच कुणी बिननावाचा माणूस उभा राहिला, त्याने राजाचं नाव घेतलं आणि राजाला उत्तर द्यावं लागलं. बायकोला, चांगुणाला, त्याने हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, “असंल. भाकर खा.”

चांगुणाला राजाचं काय पडलं होतं? तिचा जीव लेकीपायी टांगणीला लागलेला. दिवाळीला माहेरी आलेली लता परत गेलीच नव्हती. लताचा नवरा सावळीराम, कळवणला त्याचं शिंपीकामाचं दुकान. त्याच दुकानात काजं-बटणं करता करता लता कापड बेतायला शिकली, आणि हळूहळू नवऱ्यापेक्षा तिच्याच हातचे ब्लाउज बाया मागू लागल्या. बरं चाललं होतं. मग दुसरीही मुलगीच झाली, आणि त्या बाळंतपणात लताचा जीव वाचवायला डॉक्टरांना पिशवी काढावी लागली. झालं! सावळीरामचा थोरला भाऊ भिकन याने घोशा लावला, वंशाला दिवा पाहिजे. दिवा लावायला बाईही त्यानेच शोधून ठेवली होती, त्याची स्वतःची मेहुणी. लताच्याच बाळंतपणात मदतीला म्हणून जी येऊन राहिली होती, तीच!

भिकनचा निरोप गोड होता. लताने परत यावं, थोरली म्हणून मानाने राहावं, फक्त दुसऱ्या लग्नाला आपली ना नाही एवढं समाजाच्या चार माणसांसमोर बोलावं. रविवारी झुंबरच्या वसाहतीतल्या विहारात बैठक ठरली होती. कायद्यात असलं काही बसत नाही, हे झुंबरला न कळायला काय झालं? जन्म कोर्टात गेला होता. पण आपलं वय झालं, दोन खोल्यांचं घर, पोरींना बाप हवा, असं घोकून घोकून त्याने मनाची समजूत घातली होती. लतानं हो म्हणावं, असंच त्याला वाटत होतं. लता हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ती मशीन चालवायची.

“चला, पुन्हा,” सर म्हणाले. “राजासमोर गुडघे टेकण्यापासून घेऊ. लताबाई, तुम्ही नुसत्या टेका. बोलायची गरज नाही.”

लता राजासमोर गेली. झग्याचा घेर तिने मागे सारला आणि गुडघे टेकले. राजा झालेला कारकून अजून हसतच होता. तोच ती बोलू लागली. कोपऱ्यात टाके घालता घालता राणीचं सगळं भाषण तिला पाठ झालं होतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“महाराज, मी परक्या मुलखातून तुमच्या घरी आले. इथं माझं दुसरं कुणी नाही. वीस वर्षं मी तुमची बायको आहे. तुम्हाला जे आवडलं ते मला आवडलं. तुमच्यापासून मला लेकरं झाली, ती देवानं नेली, त्यात माझा काय गुन्हा? माझं काही चुकलं असेल तर सांगा, मी मान खाली घालून निघून जाईन. नसेल चुकलं, तर मला माझा न्याय द्या.”

ती काही मोठ्याने बोलत नव्हती. विहिरीतून पाणी शेंदावं तशी एकेक ओळ वर घेत होती. राजाचं हसू मावळलं. पुढे त्याचं वाक्य होतं, पण तो ते विसरला आणि सरांनीही त्याला आठवण करून दिली नाही. लता उठली, वाकून नमस्कार केला आणि दाराकडे चालू लागली. राणीचा हुजऱ्या झालेला केरू धावत तिच्या मागे गेला.

“कॅथरीन! इंग्लंडची राणी कॅथरीन! हाजिर हो!”

ती थांबली नाही. झुंबरने दुसऱ्यांदा पुकारलं. केरू कुजबुजला, “बाईसाहेब, तुम्हाला पुकारताहेत.”

“ऐकलं मी. चला पुढे. हे कोर्ट माझं नाही.”

तिसऱ्या हाकेला झुंबरचा आवाज कापला. लता उंबरा ओलांडून गेली, व्हरांड्यातून गेली, पार टोकाच्या नळापर्यंत गेली. तिची पाठ ताठ होती. झुंबर तोंड उघडं ठेवून बघत राहिला. ही आपली लेक? जिला सांजच्याला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून एक हाक मारली की खेळ टाकून यायची, तीच ही? त्याला भीती वाटली, आणि तिच्या पायांकडे बघून हातही जोडावेसे वाटले.

तालीम आवरली आणि बापलेक घराकडे निघाले.

“आबा, त्या राणीचं पुढं काय झालं ठाऊक हाय?” लताने विचारलं.

“सरांनी सांगितलं आसंल तुला.”

“राजानं दुसरी केलीच. हिला लांबच्या एका वाड्यात नेऊन टाकली. लेकीची भेटसुद्धा होऊ दिली नाय. पण मरेस्तोवर म्हणत राहिली, राणी मीच.”

“मंग काय मिळालं तिला, बाय माझे?”

“वळली असती तर काय मिळालं असतं?”

थोडं पुढे गेल्यावर झुंबर म्हणाला, “रविवारी नीट बोल. हट्ट नको करू.”

“बोलीन. पण तुम्हाला एक सांगते आबा.” लता चालायची थांबली. “आज नाटक होतं म्हणून निभलं. खरोखरची हाक मारली तुम्ही, तर माझे पाय थांबतात. मी परत येऊन बसंन आणि सगळे म्हणतील त्याला हो म्हणंन. म्हणून रविवारी मला हाक मारू नका.”

रविवारी विहारात सतरंज्या अंथरल्या गेल्या. वसाहतीतले वडीलधारे बुधाबाबा मध्ये बसले. कळवणच्या गाडीने भिकन आला, सोबत दोन पाहुणे होते. सावळीराम आला नव्हता.

“लग्नसराई हाय, दुकान सोडून कसा येनार?” भिकन म्हणाला. “त्याचं म्हननं मी सांगतो ना!”

आणि त्याने सांगितलं. चांगलं घासून-पुसून सांगितलं. घराण्याचं नाव, म्हातारपणची काठी, थोरलीचा मान. झुंबरला मधेच भिकनच्या अंगावर कार्डिनलचा लाल झगा दिसू लागला आणि त्याने डोळे चोळले. मग बुधाबाबांनी लताला विचारलं.

लता धाकटीला कडेवर घेऊन उभी राहिली. तिने आधी बुद्धमूर्तीला वंदन केलं, मग बसलेल्यांना.

“मी नांदायला कधी नाय म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “आजही म्हणत नाय. माझं काय चुकलं, तेवढं त्यांनी माझ्या तोंडावर सांगावं. ते तर इथं नायत. मग मी कुणाला उत्तर देऊ?”

एवढं बोलून ती दाराशी गेली, चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरली.

“बगा! ही रीत झाली का?” भिकन उसळला. “चार मानसं बसल्यात आन् ही उठून चालली!”

“झुंबर,” बुधाबाबा म्हणाले, “बोलाव तिला. तुझ्या शब्दाभायेर नाय ती.”

सगळ्यांनी झुंबरकडे पाहिलं. चांगुणाने पदर तोंडाशी धरला. तिच्या डोळ्यांतही तेच होतं, बोलवा हो तिला. झुंबर उठला. गुडघे धरून उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. लता पटांगण ओलांडत होती. नळावर बायांची रांग लागली होती. एक हाक, की ती वळणार होती. परत येणार होती, बसणार होती, हो म्हणणार होती. हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचा हात खांद्याकडे गेला. तिथे आज पट्टा नव्हता. तरी त्याने तो असल्यासारखा नीट केला आणि छाती भरून श्वास घेतला.

“सावळीराम गोटीराम पगारे! हाजिर हो!”

नळावरच्या घागरी थांबल्या. घराघरांतून माणसं बाहेर आली. विहारात कुणाला काही कळेना.

“सावळीराम गोटीराम पगारे! हाजिर हो!”

“आवो, तो कळवनला हाय!” भिकन ओरडला. “काय चालवलंय तुमी?”

झुंबरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज मुळीच कापला नाही. पार रस्त्यावरचा एक टांगेवालाही घोडा थांबवून बघू लागला. मग झुंबर आत वळला आणि रोज न्यायाधीशांसमोर उभा राहायचा तसा बुधाबाबांसमोर उभा राहिला.

“गैरहजर, बाबा.”

बुधाबाबांनी शेजारची टोपी उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि सावकाश डोक्यावर ठेवली.

“भिकनराव,” ते म्हणाले, “फुडल्या टायमाला ज्याचं लगीन हाय त्याला घिऊन या. मंग बसू.”

झुंबर चपला घालून पायऱ्या उतरला. पटांगणाच्या मध्यावर लता उभी होती. मागे वळून उभी होती. तो जवळ येईपर्यंत ती जागची हलली नाही.

“काय आबा?”

“तुला न्हवतं पुकारलं,” झुंबर म्हणाला आणि तिच्या कडेवरची पोर त्याने आपल्याकडे घेतली.