दुष्काळातला गंज

आमच्या कचेरीची जीप रत्नागिरीहून बदलून आली. बारा वर्षं ती समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी होती, त्यामुळे गंज घेऊनच आली. ती ताब्यात घेताना त्याची नोंद कुणीच केली नाही. नोंद करण्याचं काम माझं होतं. मी माधव, तालुक्याच्या कचेरीतला कारकून. जे कागदावर नाही ते मला दिसत नाही, अशी माझी तेव्हा ख्याती होती.

जीपचा ड्रायव्हर सहादेव, जवळच्या कुसळवाडीचा. सहा वर्षं हंगामी. त्याला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता आणि त्या एका सहीपायी बिचारा साहेबांच्या मुलांच्या सायकलीसुद्धा पुसायचा.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत त्याने जीप पत्राकाम करणाऱ्या मच्छिंद्रकडे नेली. मच्छिंद्रने हातोडीने मडगार्ड ठोकून पाहिलं आणि अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

"हितं पत्रा न्हाईच, नुसता रंग हाय," तो म्हणाला. "सडल्याली बाजू कापून नवा पत्रा लावाया पायजे. वरनं लांबीचा लगदा भरून रंग फासला तर आतनं खातच ऱ्हातंय."

सहादेवने मला अर्ज लिहायला सांगितला. मी लिहिला, टाईप केला, साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि सहादेवला आत बोलावलं.

"गंज कशाने चढतो?"

"पान्यानं, सायेब."

"आपला तालुका दुष्काळी जाहीर झाला आहे. सलग दोन पावसाळे कोरडे गेले. मग पाणी आलं कुठून? लोक टँकरपुढे रांगा लावतात आणि तू गाडी धुतोस?"

सहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. 'गंज रत्नागिरीचा आहे' म्हणावं, तर रत्नागिरीच्या कागदात गाडी ठणठणीत. पुढे मी त्याला कारणे दाखवा नोटीस टाईप करून दिली, आणि कायम करण्याचा कागद टेबलावरून ड्रॉवरमध्ये गेला.

चार दिवसांनी त्याने लिहून दिलं की गाडीस कोठेही गंज नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण सही झोकात करायचा. 'सहादेव' म्हणून मोठी अक्षरं आणि खाली दोन रेघा. मच्छिंद्रने शिव्या देत भोकांत लांबी भरली आणि वर हिरवा रंग मारला. साहेबांनी बॉनेटवर थाप मारली. "बघ, कुठे आहे गंज?"

मार्चमध्ये वरचे अधिकारी दुष्काळी रस्त्याचं काम पाहायला आले. त्यांच्यापुढे रुबाब दाखवायला साहेब स्वतः चालवायला बसले आणि सहादेवला मागे बसवलं. कुसळवाडीच्या अलीकडे चाक रस्त्यात खणलेल्या चारीत आदळलं आणि डावं मडगार्ड दिव्यासकट रस्त्यावर पडलं. खडी फोडणाऱ्या बायका हातोडे थांबवून बघत राहिल्या. त्यातल्या एकीला हसू आवरेना, हे मला सहादेवने नंतर सांगितलं.

"गाडी आदळलीत तुम्ही," वरचे अधिकारी म्हणाले.

"छे छे! गंजलं होतं सर, पार गंजलं होतं!" साहेबांना आता चारी बाजूंनी गंज दिसू लागला.

"या दुष्काळात? कसा काय?"

साहेबांना त्यांचाच प्रश्न परत मिळाला. परत आल्यावर सहादेवकडून हे ऐकून मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! तो फार टिकला नाही. साहेबांनी लगेच मला आत बोलावलं आणि सहादेवच्या नावाने मजकूर सांगायला सुरुवात केली. सोळा मार्चच्या रात्री जीप कुसळवाडीत मुक्कामी असताना तेथे दोन इंच अवकाळी पाऊस झाला, सबब पत्रा गंजला. कुसळवाडीत पर्जन्यमापक नव्हता, त्यामुळे पाऊस पाडायला ते गाव सोयीचं होतं. एका रात्रीत गंज चढतो का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. एकही चूक न करता टाईप केलं.

शेवटी वाक्य होतं : 'चालक या नात्याने मी हा पाऊस प्रत्यक्ष पाहिला आहे.' कायम करण्याचा कागद ड्रॉवरमधून निघून शेजारीच ठेवलेला होता.

"भाऊसायेब, माझं गाव हाय ते," सहादेव हळूच म्हणाला.

"मग तुला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?" मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की माझी मला लाज वाटते.

त्याने सही केली. संध्याकाळी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

साहेबांवरचं बालंट टळलं. कागद मात्र वर गेला, वरच्यांनी तो इमानाने वाचला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हुकूम आला : कुसळवाडीस समाधानकारक पाऊस झाल्याने टँकर बंद.

तिसऱ्या दिवशी सहादेवची बायको चांगुणा रिकामी घागर घेऊन कचेरीत आली. भर उन्हात चालत आली होती. सहादेव बाहेर जीपला नवं मडगार्ड बसवत होता. त्याच्याकडे न बघता ती माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊसायेब, टँकर का बंद केला?"

"तुमच्याकडे पाऊस पडला."

"कवा?"

"सोळा मार्चच्या रात्री. दोन इंच."

"मी रोज अंगनात निजते. माझी वाकळ भिजली न्हाई. कुनी बघितला पाऊस?"

फाईल मिटून टाकायला हवी होती. का कोण जाणे, मी ती उघडून तिच्यापुढे फिरवली. तिला वाचता येत नाही, हा भरवसा असावा.

पण सहादेवने आपल्या कायम झाल्याच्या हुकमाची नक्कल घरी काच लावून भिंतीवर टांगली होती, आणि खाली 'पोच' म्हणून त्याची सही होती. ती मोठी अक्षरं आणि त्या दोन रेघा चांगुणा रोज उठून बघत होती. तिने त्या रेघांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग ती बाहेर गेली. सहादेव पाना हातात धरून उभा राहिला. तिने घागर जीपच्या पुढच्या सीटवर ठेवली.

"दोन इंच पाऊस तुमीच बघितलाय न्हवं?" ती म्हणाली. "मग तुमीच आना भरून."