टरबुजांखालची सडक

कळसच्या तळ्याकाठून सरकारनं सडक काढली, ती तळ्यातून गेली. चूक कुणाची याची चौकशी झाली तेव्हा ती तळ्याची निघाली.

सन छत्तीसच्या माघात ओव्हरसियर साहेब मोजणीची साखळी घेऊन घोडीवरून आले. पाणी ओसरलं होतं आणि उघड्या गाळात माझ्या चुलतीनं, बनाबाईनं, टरबुजं लावली होती. याला आम्ही गाळपेर म्हणतो. पाणी मागं सरकेल तसं बी टोचत पुढं जायचं, पावसाळ्यात तळ्याचं तळ्याला परत. साहेबांनी हिरवे वेल पाहिले आणि ठरवलं, पीक आहे म्हणजे शेत आहे, शेत आहे म्हणजे तळं इथं संपलं. सडकेची रेघ वेलांवरूनच ओढली.

"साहेब, हितं भादव्यात पुरुषभर पानी असतंय," मेंढरं पाजायला आलेला गेणू धनगर म्हणाला. "आमची मेंढरंबी वरच्या माळानं जात्यात."

"मेंढरांना नकाशा कळतो का?"

"न्हाय साहेब. म्हनून तर चुकत न्हाईत."

चैत्रात खडी दाबायचा दगडी रूळ आला. टरबुजं नारळाएवढी झालेली, आत अजून पांढरी. चुलती रुळापुढं उभी राहिली.

"वीस दिस द्या, साहेब. फळं निघाली की वेल मीच उपटते."

"सडक कुणासाठी थांबत नसते, बाई."

तिला दोघांनी धरून बाजूला केलं. फळं फुटली, खडीत मुरली. रस्त्यावर पाणी मारायचं काम वाचलं म्हणून साहेब खूश झाले. चुलती रडली नाही. तिनं चेंगरलेलं एक फळ उचलून साहेबांच्या घोडीपुढं धरलं. "खा गं. तुझा काय दोष?"

भादव्यात तळं भरलं. सडक मैलाच्या दगडासकट बुडाली. आठ दिवसांत चुलतीला नोटीस आली: 'आपले वहिवाटीचे जमिनीतून पाणी शिरून सरकारी सडक बुडाली आहे. तरी पाणी पंधरा दिवसांचे आत हटवावे.'

मी वाचली. "पुन्ना वाच," म्हणाली. पुन्हा वाचली.

"वेल चिरडले तवा जमीन सरकारची. पानी आलं की माझी व्हय रं?" आणि तिनं नोटीस नेऊन तळ्यात सोडली. ज्याची त्याला.

पाणी ओसरलं तेव्हा सडकेवर हातभर गाळ होता. चुलतीनं बरोब्बर सडकेवरच बी टोचलं. चैत्रात साहेब धावत आले; चार दिवसांनी मोठे साहेब मोटारीनं सडक बघायला यायचे होते. मैलाच्या दगडावर वेल चढला होता.

"बाई, सडक कुठंय?"

"टरबुजांखाली."

"आत्ताच्या आत्ता मोकळी करा!"

"वीस दिसांनी या."

साहेबांनी रूळ बोलावला. रूळ सरकारचा होता, पण तो ओढणारे बैल गावाचे. मागच्या चैत्रात आम्ही ते दिले होते, त्याची लाज अजून गेली नव्हती. त्या दिवशी गावात एकही बैल उठेना. एकाचा खूर दुखत होता, एकाचा उपास होता, एक म्हणे सासुरवाडीला गेला होता.

शेवटी मोठ्या साहेबांची मोटार माळावरून आली, गेणूच्या मेंढरांच्या मागं, मेंढरांच्या चालीनं. महिन्याच्या आत सडकेच्या खुंट्या त्या माळावरच ठोकल्या गेल्या. नकाशात त्याला 'सुधारणा' म्हणतात.

विसाव्या दिवशी चुलतीनं टरबूज फोडलं. लालभडक. खुंट्या ठोकायला आलेल्या साहेबांनी हात पुढं केला.

चुलती त्यांच्या हाताखालून गेली आणि मोठी फोड घोडीला दिली.