शिल्लक धूर

"अगं, ऐकलंस का, आपला धूर विकला गेला!" दारात चपला काढता काढता हे म्हणाले.

"राख विकतात ते ठाऊक आहे. धूर कोण वेडा विकत घेतो?" मी म्हटलं.

माहेरी आलेली लेक खुदकन हसली. तिच्या मांडीला टेकून ठकी, माझी नात, चित्र रंगवत होती. इथे आल्यापासून पोरीचा खोकला बराच उतरला होता.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. यांची उभी हयात वीजकेंद्राच्या चिमणीखाली गेली. धूर गाळायचं यंत्र यांच्या हाती. आधी खर्च वाचवायला साहेब ते बंदच ठेवायला लावत. तेव्हा मी चादरी घरात वाळवायची. मग सरकारने प्रत्येक केंद्राला धुराचा वाटा ठरवून दिला. त्यातला उरेल तो दुसऱ्या केंद्राला विकायची मुभा. तेव्हापासून यंत्राला मान आला, यांनाही. हे असे इरेला पेटले, की नियमापुरतं कधी थांबलेच नाहीत.

"यंदा सगळ्यांना बोनस," जेवताना हे म्हणाले. "साहेब म्हणाले, ही तुमची करामत!"

"पण घेतला कुणी?" लेकीने विचारलं.

"तुमच्याकडच्या केंद्राने. नवं यंत्र बसवण्यापेक्षा त्यांना हे स्वस्त..."

यांची नजर ठकीकडे गेली.

"म्हणजे तुम्ही इथे अडवलेला धूर ते आमच्याकडे सोडणार," लेक म्हणाली. "तेही कायद्याने."

"मग मी काय मुद्दाम ढिलाई करू? इथेही पोरंबाळं आहेत."

"तसं कुठे म्हणतेय मी, बाबा!"

ताटातलं निवून गेलं. ते बाजूला सारत हे म्हणाले, "ठकीला इथेच ठेव."

"माझ्याशिवाय राहील ती? आणि तिच्या बाबांची नोकरी तिथे. सगळं सोडून कसं यायचं?"

सकाळी हे कामावर गेले. चिमणीच्या तोंडाशी रोजच्यासारखं स्वच्छ आभाळ होतं.

लेक निघाली तेव्हा आम्ही दोघं बसपर्यंत गेलो. यांनी ठकीला खिडकीशी बसवलं. वारा लागतो म्हणून लेक काच ओढायला लागली.

"राहू दे उघडी," हे म्हणाले. "तुमचं गाव दिसायला लागलं की लाव."

बस हलली, तरी यांचा हात खिडकीच्या चौकटीवरच होता.