एकापासून मोजणारा पंच

दाढीचा साबण गालावर असतानाच मी रोज सकाळी आरशासमोर मोजू लागतो. एक म्हणताना एक बोट वर, दोनला दुसरे, असे दहापर्यंत. पोट आत, हनुवटी किंचित वर. त्या दिवशीही तसेच चालले होते. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आणि सुटीच्या दिवशी मुष्टियुद्धात पंचगिरी ही हौस. दोन्हीकडे आवाजच कामी येतो, आणि त्या आवाजावर माझ्याइतके प्रेम दुसऱ्या कोणाचे नाही. स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अहो, तुमचं एक संपेपर्यंत इथं चहा निवला."

टोमण्यात तथ्य होते. खेळाडू खाली पडला की रिंगणाबाहेर टेबलाशी बसलेल्या वेळाधिकारी मावशी त्याच क्षणापासून दर सेकंदाला लाकडी हातोडी ठोकू लागतात. पंचाने उभ्या खेळाडूला रिकाम्या कोपऱ्यात पाठवायचे आणि मग वळून त्या ठोक्यांत आपला आकडा मिसळायचा. मावशींचे तीन झाले असतील, तर आपण चार म्हणायचे. दहापर्यंत पडलेला उठला नाही, तर तो हरला. हे मी नव्या पंचांना शिकवतोसुद्धा. पण चार हा आकडा माझ्या आवाजाला शोभत नाही. एक कसा, बेंबीच्या देठापासून निघतो.

गेल्या स्पर्धेत मी असाच एकापासून निघालो. पडलेला खेळाडू, पेशाने वेल्डर, माझ्या आठाला उठला, तेव्हा हातोडीचे अकरा झाले होते. पुढे लढत त्यानेच जिंकली. हरलेला प्रतिस्पर्धी पोस्टमन होता; त्याने तक्रार केली नाही. मावशींनी मात्र माझ्याशी बोलणे टाकले.

त्या दिवशी अंतिम लढतीत पुन्हा तेच दोघे समोरासमोर होते. जिंकणाऱ्याला संघात जागा मिळणार होती, आणि पोस्टमनचे वय पाहता त्याची ही शेवटचीच संधी. मी हातमोजे तपासत असताना तो हळूच म्हणाला, "सर, आज मोजणी कुठून?"

"नियमाने."

"मग बरंय. मागच्या वेळी तेवढ्यात मी दोन गल्ल्यांची पत्रं वाटून आलो असतो."

दुसऱ्या फेरीत पडला तो पोस्टमनच. वेल्डर न सांगता कोपऱ्यात गेला. मी वळलो, तेव्हा मावशींचा तिसरा ठोका पडत होता. माझी छाती फुगली होती, एक ओठांवर तयार होता. शिवाय या खेपेला माझ्या खोडीला चक्क न्यायाचे रूप आले होते: मागचे तीन सेकंद याचेच गेले होते, ते परत केले तर काय बिघडले? औदार्य मिरवण्याची अशी संधी मला सहसा मिळत नाही. पण ते सेकंद माझ्या खिशातले नव्हते. कोपऱ्यात दोरांना पाठ लावून उभ्या असलेल्या वेल्डरचे होते, आणि त्याने माझे काही घोडे मारले नव्हते.

"चार," मी म्हणालो.

आवाज चिरका निघाला. पालथ्या पोस्टमनने दचकून वर पाहिले आणि गुडघे पोटाशी ओढले. पहिले तीन आकडे मी खाल्ले असे वाटून प्रेक्षकांतून मला शिव्या पडू लागल्या. इतकी वर्षे चुकीचे मोजूनही एवढ्या पडल्या नव्हत्या. मी हातोडीच्या पुढे गेलो नाही की मागे राहिलो नाही. नऊला त्याचा एक पाय टेकला. दहाला दुसरा गुडघा अजून जमिनीवरच होता.

मी दोन्ही हात हलवून लढत संपवली, आणि खाली बसून त्याच्या तोंडातली दातांची रबरी पट्टी अलगद काढून घेतली.